रेणू पीडीएफमध्ये फिरत का नाही? : वाचकांचे प्रश्न

प्रथिनांची आणि डीएनएची चित्रे पीडीएफमध्ये फिरवता येतील अशी घालण्याबद्दल बरीच पत्रे आली आहेत. वेगवेगळ्या तक्रारींची मुळे मोजकीच असल्याने काही प्रश्न एकत्र करून घेतले आहेत.

आधी वाट समजून घ्या, कारण पुढची सगळी उत्तरे तिच्यावर उभी आहेत. पायमॉल, व्हीएमडी, जेमॉल किंवा कायमेराएक्स या प्रोग्रॅममध्ये रेणू दिसतो. तिथून तो त्रिकोणांच्या जाळीच्या रूपात बाहेर पडतो. ती जाळी यूथ्रीडी किंवा पीआरसी या प्रकारच्या फाइलमध्ये बांधली जाते आणि ती फाइल पीडीएफच्या पानावर एका चौकटीत बसते. यूथ्रीडी म्हणजे ईसीएमए-३६३ हे मानक, पीआरसी म्हणजे आयएसओ १४७३९-१. पीडीएफमध्ये नेहमी हेच दोन प्रकार वापरले जातात. ओबीजे, एसटीएल किंवा जीएलबी अशी जाळीची दुसरी फाइल थेट घालता येत नाही. बिघाड या साखळीत कुठेही होतो, पण दिसतो मात्र शेवटी, पीडीएफ उघडल्यावर. म्हणून प्रत्येक टप्प्यावरची फाइल उघडून बघायची सवय लावा.

आज्ञा आणि पर्यायांची नावे इथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकायची.

प्रश्न : लेटेकमधून (आज्ञा लिहून दस्तऐवज बनवण्याच्या प्रणालीतून) पीडीएफ बनली, कुठलीही चूक दाखवली नाही. पण उघडल्यावर चित्राच्या जागी पांढरी चौकट दिसते. मार्गदर्शकांच्या संगणकावर तर तीही दिसत नाही. (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

पीडीएफ कशात उघडली ते आधी बघा. क्रोम, एज आणि फायरफॉक्समधले पीडीएफ-दर्शक थ्रीडी चौकट चालवत नाहीत. मॅकवरचे प्रिव्ह्यू नाही, लिनक्सवरचे एव्हिन्स आणि ओक्युलरही नाही. ओव्हरलीफवर, म्हणजे ब्राउझरमधल्या लेटेकवर, काम करत असाल तर तिथल्या उजव्या बाजूच्या पूर्वदृश्यातही काही हलणार नाही. फाइल उतरवून घ्या आणि संगणकावरच्या ॲडोबी ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा.

रीडरमध्येही थ्रीडी मुळात बंद असते. वर पिवळी पट्टी येते, थ्रीडी मजकूर बंद ठेवला आहे असे सांगते आणि या दस्तऐवजावर एकदाच विश्वास ठेवायचा की नेहमीसाठी, हे विचारते. ती पट्टी लोकांच्या नजरेतून सुटते. कायमचे चालू करायचे तर प्रेफरन्सेसमध्ये '३डी अँड मल्टिमीडिया' या पानावर 'एनेबल प्लेइंग ऑफ ३डी कंटेंट' या चौकटीत खूण करा. ईमेलमधून आलेली फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडली असेल, तर आधी संपादनाची परवानगी द्यावी लागते.

आता पांढऱ्या चौकटीबद्दल. मीडिया-९ या लेटेक पॅकेजमध्ये 'इन्क्लुडमीडिया' या आज्ञेला महिरपी कंसांचे दोन भाग असतात. दुसऱ्यात यूथ्रीडी फाइलचे नाव, पहिल्यात पोस्टर, म्हणजे मॉडेल चालू होण्याआधी आणि न चालणाऱ्या दर्शकात दिसणारे स्थिर चित्र. पहिला कंस रिकामा सोडलात की पांढरी चौकट मिळते. पायमॉलमधून त्याच कोनातून काढलेले पीएनजी चित्र तिथे घाला. छापील प्रतीतही तेच उमटते, म्हणून ते कमी प्रतीचे टाकू नका. चौकटीच्या रुंदीला दर इंचाला ३०० ठिपके असावेत. संदर्भ जुळण्यासाठी लेटेक दोनदा चालवा. जुन्या मार्गदर्शिकांत मूव्ही-१५ हे पॅकेज सुचवलेले आढळते. ते आता कालबाह्य आहे, नव्या कामात वापरू नका.

प्रश्न : रीडर 'थ्रीडी डेटा पार्सिंग एरर' म्हणतो. फाइल खराब आहे की रीडर? (प्रयोगशाळा साहाय्यक, नागपूर)

दुसऱ्या कुणाची, नक्की चालणारी थ्रीडी पीडीएफ त्याच रीडरमध्ये उघडा. तीही तोच संदेश देत असेल तर दोष स्थापनेत आहे. रीडरच्या फोल्डरात 'प्लग_इन्स३डी' नावाचे उपफोल्डर असते; ते अपुरे उतरले असले की हेच होते. हेल्पच्या यादीतले 'रिपेअर इन्स्टॉलेशन' चालवा.

ती चालली आणि तुमची नाही, तर यूथ्रीडी फाइल अर्धवट लिहिली गेली आहे. आयडीटीएफ-कन्व्हर्टर (आयडीटीएफ या मजकुराच्या फाइलपासून यूथ्रीडी बनवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याच्या सोबतची आयएफएक्स-कोअर, आयएफएक्स-एक्सपोर्टिंग आणि आयएफएक्स-शेड्युलिंग ही तिन्ही लायब्ररी त्याला सापडतात का ते बघा. फक्त कन्व्हर्टरची एक्झी फाइल डेस्कटॉपवर ओढून आणली की ती सापडत नाहीत. फाइलच्या मार्गात मोकळ्या जागा आणि देवनागरी नावे टाळा. सगळे सी ड्राइव्हवर एका आखूड नावाच्या फोल्डरात ठेवा, निम्मी डोकेदुखी जाते.

प्रश्न : पायमॉलमध्ये हीम (लोहाचा अणू असलेला) गट गोल आणि दांड्यांत दाखवला होता. मेशलॅब या जाळी दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली तर फिती आल्या, गोल गायब. (प्राध्यापक, जीवरसायनशास्त्र, कोल्हापूर)

पडद्यावरचा गोल गुळगुळीत दिसतो कारण ग्राफिक्स कार्ड तो शेडरने (कार्डावरच्या छोट्या प्रोग्रॅमने) जागच्या जागी रंगवते. तिथे त्रिकोण नसतातच. फिती आणि पृष्ठभाग मात्र मुळातच त्रिकोणांचे असतात. निर्यात करताना गोलाचे काय होते ते फाइलच्या प्रकारावर ठरते. व्हीआरएमएल २ या थ्रीडी दृश्याच्या फाइलप्रकारात 'स्फिअर' आणि 'सिलिंडर' या स्वतंत्र वस्तू आहेत, त्यामुळे पायमॉल तिथे गोलाचे केंद्र आणि त्रिज्या लिहून मोकळे होऊ शकते. पुढच्या प्रोग्रॅमला त्या वस्तूंचे त्रिकोण करता आले नाहीत की गोल गळतात. ओबीजेमध्ये तर गोल अशी वस्तूच नाही. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने आधी त्रिकोण केले असतील तरच तो पोचतो.

फाइल नोटपॅडमध्ये उघडा. व्हीआरएमएल आणि आयडीटीएफ दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली आहेत. 'स्फिअर' हा शब्द शोधा: तो असेल तर गोल निघाला आहे आणि पुढे हरवतो आहे, नसेल आणि त्या जागी बिंदूंची लांब यादीही नसेल, तर पायमॉलमधूनच बाहेर पडला नाही.

उपाय म्हणजे गोल-दांडे असलेला भाग कायमेराएक्समधून काढा. ते सगळ्याचे त्रिकोण करूनच लिहिते, आणि किती करायचे ते ठरवता येते: 'ग्राफिक्स क्वालिटी ॲटमट्रँगल्स ८०' अशी आज्ञा दिली की दर अणूला सुमारे ८० त्रिकोण. मग जीएलबी म्हणून सेव्ह करा, कारण त्यात रंग टिकतात; मेशलॅबच्या नव्या आवृत्त्या जीएलबी उघडतात. साध्या रेषांच्या रूपातले बंध निर्यात करू नका. रीडरमध्ये त्या केसाएवढ्या पातळ दिसतात आणि जवळ गेले तरी जाड होत नाहीत.

प्रश्न : हिमोग्लोबिनची पीडीएफ इतकी मोठी झाली की ईमेलने जात नाही, आणि फिरवताना अडखळते. मूळ पीडीबी फाइल तर जेमतेम अर्ध्या एमबीची आहे! (एमएस्सी विद्यार्थी, औरंगाबाद)

पीडीबी फाइलमध्ये अणूचे निर्देशांक असतात, दर अणूला ८० रकान्यांची एक ओळ. पीडीएफमध्ये जातात ते त्रिकोण, आणि ते किती होतात याचा हिशेब आधीच मांडता येतो. गोल बनवण्याची नेहमीची पद्धत वीस त्रिकोणी बाजूंच्या घनापासून सुरू होते आणि दर पायरीला प्रत्येक त्रिकोणाचे चार करते: २०, ८०, ३२०, १२८०. तुमच्या हिमोग्लोबिनच्या ४एचएचबी या रचनेत प्रथिनाचे आणि हीमचे मिळून साडेचार हजारांच्या आसपास अणू आहेत. सगळे गोल दाखवले आणि ३२० ची पायरी धरली तर १४ लाख ४० हजार त्रिकोण होतात. ८० ची पायरी धरली तर ३ लाख ६० हजार. याउलट क्रॅम्बिन, म्हणजे १सीआरएन, ३२७ अणूंचे. तिथे ३२० ची चैन केली तरी १,०४,६४० वरच थांबते. पायमॉलमध्ये 'स्फिअर_क्वालिटी' १ म्हणजे ८० ची पायरी, २ म्हणजे ३२० ची.

आमच्या मते साध्या लॅपटॉपसाठी दोन-तीन लाख त्रिकोण ही वरची मर्यादा धरावी. तिथे पोचायचा मार्ग म्हणजे काय दाखवायचे ते निवडणे. जाळी पातळ करण्याचा विचार त्यानंतर करा. आधी पाणी काढा. पायमॉलमध्ये 'रिमूव्ह सॉल्व्हंट'. चारही साखळ्या फितींत ठेवा, गोल फक्त हीमला आणि त्याला धरून ठेवणाऱ्या हिस्टिडीनला. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागते. संपूर्ण पृष्ठभाग दाखवण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात रेणूच्या आतल्या पोकळ्यांचे पृष्ठभागही येतात. ते कुणाला दिसत नाहीत, जागा मात्र खातात. पृष्ठभाग हवाच असेल तर 'सरफेस_क्वालिटी' शून्यावर किंवा उणे एकवर ठेवा.

तरीही जाळी पातळ करायचीच वेळ आली, तर मेशलॅबमध्ये 'क्वाड्रिक एज कोलॅप्स डेसिमेशन' हे फिल्टर आहे. त्याच्याआधी 'मर्ज क्लोज व्हर्टिसेस' चालवायला विसरू नका. रेणूचे प्रोग्रॅम बरेचदा प्रत्येक त्रिकोणाचे तीन बिंदू वेगळे लिहितात, शेजारच्या त्रिकोणाशी सामायिक करत नाहीत. अशा सुट्या त्रिकोणांवर थेट डेसिमेशन केले की फितींना भेगा पडतात. एका फटक्यात दहा टक्क्यांवर आणू नका. निम्मे करा, बघा, पुन्हा निम्मे करा. फितींचे तीर आणि दोन रंगांच्या सीमा पहिल्यांदा बिघडतात, नजर तिथे ठेवा.

आकार कमी करण्याची आणखी एक जागा कन्व्हर्टरमध्ये आहे. बिंदूंच्या, नॉर्मलच्या (पृष्ठभागाचे तोंड कुठल्या दिशेला ते सांगणाऱ्या रेषांच्या) आणि रंगांच्या नेमकेपणाचे आकडे ० ते १००० मध्ये देता येतात. बिंदूंसाठी 'पीक्यू', नॉर्मलसाठी 'एनक्यू', रंगासाठी 'डीसीक्यू'. बिंदूंचा आकडा फार खाली नेला तर गुळगुळीत फितीवर सुरकुत्या आल्यासारख्या दिसतात. असा परिणाम दिसला की जाळीला दोष देऊ नका, हा आकडा वाढवा.

प्रश्न : सगळा रेणू राखाडी येतो. दुसऱ्या वेळी काळा आला. (पदवी विद्यार्थी, नाशिक)

राखाडी आणि काळा हे दोन वेगळे आजार आहेत.

राखाडी म्हणजे रंग वाटेत गळाला. पायमॉलच्या ओबीजेमध्ये रंग जात नाहीत, व्हीआरएमएलमध्ये जातात. व्हीएमडीचा वेव्हफ्रंट पर्याय ओबीजेबरोबर एक एमटीएल फाइल लिहितो आणि रंग त्या दुसऱ्या फाइलमध्ये असतात. ओबीजेच्या सुरुवातीला 'एमटीएललिब' या शब्दापुढे तिचे नाव असते. फाइलचे नाव बदललेत किंवा ओबीजे एकटीच दुसऱ्या फोल्डरात नेलीत की रंग गेले. मेशलॅबमध्ये सेव्ह करताना येणाऱ्या खिडकीत बिंदूंचा रंग, बाजूंचा रंग अशा चौकटी असतात. जी चौकट निवडता येत नाही ती गोष्ट त्या प्रकारात जात नाही. रंग बिंदूंवर असेल आणि पुढे बाजूंवर हवा असेल तर 'ट्रान्सफर कलर: व्हर्टेक्स टू फेस' हे फिल्टर आहे.

सगळ्यात टिकाऊ उपाय वेगळाच: एक रंग, एक तुकडा. अल्फा साखळ्या एका जाळीत, बीटा दुसऱ्या, हीम तिसऱ्या, आणि प्रत्येकीला स्वतःचे मटेरियल. मटेरियलचा रंग सहसा गळत नाही.

काळा रेणू म्हणजे प्रकाशाचा किंवा नॉर्मलचा प्रश्न. रीडरच्या थ्रीडी पट्टीवरून प्रकाशयोजना बदलून 'सीएडी ऑप्टिमाइज्ड' किंवा 'हेडलॅम्प' करा. रेणू उजळला तर लेटेकमध्ये '३डीलाइट्स=सीएडी' कायमचे लिहून टाका. उजळला नाही तर त्रिकोणांची तोंडे आत वळली आहेत. मेशलॅबमध्ये बाजूंचा कल उलटवण्याचे फिल्टर चालवा. रीडरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'डबल-साइडेड रेंडरिंग' आहे खरे, पण ते तुमच्या संगणकापुरते; वाचकाच्या संगणकावर ते चालू असेलच असे नाही.

प्रश्न : माउसने ओढले की रेणू स्वतःभोवती न फिरता गोफणीतल्या दगडासारखा चौकटीबाहेर जातो. (शिक्षिका, पणजी)

फिरण्याचा मध्य आणि रेणूचा मध्य एक नाहीत. पीडीबी फाइलमधले निर्देशांक स्फटिकाच्या अक्षांना धरून असतात, आणि रेणू मूळबिंदूपासून दूर पडलेला असू शकतो. कॅमेरा मात्र काही न सांगितल्यास मूळबिंदूभोवती फिरतो.

मेशलॅबमधून जात असाल तर 'ट्रान्सफॉर्म: ट्रान्सलेट, सेंटर, सेट न्यू ओरिजिन' या फिल्टरमध्ये चौकटीचा मध्य मूळबिंदूवर आणण्याचा पर्याय आहे. तुकडे अनेक असतील तर 'सीन'चा मध्य निवडा, 'लेयर'चा नव्हे. नाहीतर प्रत्येक साखळी आपापल्या मध्यावर येऊन सगळ्या एकमेकींत घुसतील. पायमॉलमधून आयडीटीएफ काढत असाल तर ते आपल्या संदेशांच्या खिडकीत कॅमेऱ्याचे आकडे लेटेकच्या भाषेत छापते. ते जसेच्या तसे उचला.

हाताने आकडे द्यायचे तर तीन महत्त्वाचे. '३डीसीओओ' म्हणजे फिरण्याचा मध्य. '३डीएएसी' म्हणजे कॅमेऱ्याचा कोन, न दिल्यास ३० अंश. '३डीआरओओ' म्हणजे मध्यापासून कॅमेऱ्याचे अंतर. हे अंतर अंदाजाने टाकू नका. रेणूला वेढणाऱ्या गोलाची त्रिज्या घ्या आणि तिला निम्म्या कोनाच्या साइनने भागा. हिमोग्लोबिन ढोबळमानाने ६४ × ५५ × ५० अँगस्ट्रॉम. त्रिज्या ३५ धरली तर ३५ भागिले ०.२५९, म्हणजे १३५. थोडी मोकळी जागा हवी म्हणून १५० लिहा.

'३डीमेन्यू' हा पर्यायही घालून ठेवा. त्याने रीडरमध्ये उजव्या क्लिकच्या यादीत 'गेट करंट व्ह्यू' येते: हवा तो कोन हाताने लावायचा, ते निवडायचे, आणि आकडे कन्सोलमध्ये उमटतात. अंतिम प्रतीतून तो काढून टाकला तरी चालतो.

प्रश्न : पीडीएफमधला अल्फा हेलिक्स पुस्तकातल्यापेक्षा उलटा वळलेला वाटतो. भास आहे का? (पीएचडी विद्यार्थिनी, मुंबई)

बहुधा भास नाही, आणि या सदरात आलेल्या तक्रारींत ही सर्वांत गंभीर आहे. रिकामी चौकट निदान दिसते तरी. आरशातला रेणू दिसायला सुबक असतो, परीक्षकांच्याही नजरेतून निसटतो आणि शास्त्रीयदृष्ट्या साफ चूक असतो.

हे असे होते. काही प्रोग्रॅम वायला वरची दिशा मानतात, काही झेडला. रेणू आडवा पडलेला दिसला की माणूस 'फ्लिप अँड/ऑर स्वॉप ॲक्सिस'सारखे फिल्टर उघडतो आणि वाय-झेडची अदलाबदल करतो. रेणू उभा राहतो, समाधान होते. पण दोन अक्षांची एकदा अदलाबदल म्हणजे फिरवणे नव्हे, ते आरशातले प्रतिबिंब आहे. एका अक्षाचे चिन्ह बदलणे हेही तेच. अशा दोन क्रिया एकामागोमाग केल्या तर प्रतिबिंबाचे प्रतिबिंब होऊन रेणू पुन्हा योग्य होतो. म्हणून नियम साधा: अदलाबदली आणि चिन्हबदल मिळून किती केल्या ते मोजा, संख्या सम असली पाहिजे. त्याहून बरे म्हणजे हे फिल्टर वापरूच नये. एक्स अक्षाभोवती ९० अंश फिरवावे, तेच काम बिनधोक होते.

तपासणी कशी करायची? अल्फा हेलिक्सच्या अक्षाच्या रेषेत बघा, कुठल्याही टोकाकडून. साखळी तुमच्यापासून दूर जाताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळली पाहिजे. टोक बदलले तरी उत्तर तेच येते, त्यामुळे कोणते टोक कोणते याची चिंता नको. डीएनएसाठी १बीएनए या बारा जोड्यांच्या रचनेवर हाच प्रयोग करा. बी-डीएनए उजवाच आहे.

फिती नसतील, फक्त गोल-दांडे असतील, तर एखाद्या अमिनो आम्लाचा अल्फा कार्बन गाठा. त्याच्यावरचा हायड्रोजन तुमच्याकडे येईल असे फिरवा. स्फटिकरचनेत हायड्रोजन सहसा नसतो, पण उरलेल्या तीन बंधांवरून त्याची जागा कळते. आता कार्बोनिल, बाजूची साखळी, नायट्रोजन हा क्रम घड्याळाच्या दिशेने आला तर आम्ल एल प्रकारचे, म्हणजे निसर्गात प्रथिनांत असते तेच. इंग्रजी आद्याक्षरांवरून हा 'कॉर्न' नियम म्हणून वर्गात शिकवला जातो. ग्लायसीनवर हा प्रयोग करू नका, त्याला डावे-उजवे नसते.

दोन अपवाद माहीत हवेत. झेड-डीएनए खरोखरच डावा असतो. आणि कोलॅजनची प्रत्येक साखळी स्वतः डावी वळते, तर तिन्ही मिळून होणारा पीळ उजवा असतो. हे तिपेडी रूप जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये मद्रासहून मांडले होते. कोलॅजनचे एकच पदर बघून 'प्रतिबिंब झाले' म्हणत निर्यात पुन्हा करत बसू नका.

प्रश्न : हीम तेवढे दाखवायचे, बाकी लपवायचे, आणि त्यासाठी मराठी बटणे हवीत. (प्राध्यापक, सातारा)

रीडर लपवू शकतो ते स्वतंत्र नाव असलेले तुकडे. थ्रीडी पट्टीवरून मॉडेल ट्री उघडा. तिथे एकच ओळ असेल तर सगळा रेणू एका जाळीत ओतला गेला आहे आणि पीडीएफच्या बाजूने काही करता येणार नाही. मागे जाऊन तुकडे वेगळे काढावे लागतील. मेशलॅबचे 'फ्लॅटन व्हिजिबल लेयर्स' इथे नुकसान करते, कारण ते सगळे थर एकजीव करते.

आयडीटीएफ मजकुराचीच फाइल असल्यामुळे दोन-तीन फाइलींतले तुकडे हाताने एकत्र करता येतात. प्रत्येक तुकड्याचे 'नोड' आणि त्याचे 'रिसोर्स' एका फाइलमध्ये आणा, नावे एकमेकांशी भिडणार नाहीत असे बघा, रिसोर्सना ०, १, २ असे क्रमांक द्या आणि वरचा 'रिसोर्स_काउंट' दुरुस्त करा. मटेरियल आणि शेडरच्या याद्यांतही हेच. कन्व्हर्टर अडला की दहापैकी नऊ वेळा हा काउंट जुनाच राहिलेला असतो.

मग एक व्हीडब्ल्यूएस फाइल, म्हणजे दृश्यांची यादी, लिहा आणि '३डीव्ह्यूज' या पर्यायाने जोडा. प्रत्येक दृश्य 'व्ह्यू' या ओळीने सुरू होते आणि 'एंड'ने संपते. मधे 'सीओओ', 'आरओओ' असे कॅमेऱ्याचे आकडे, आणि लपवायच्या तुकड्यासाठी 'पार्ट=तुकड्याचे नाव', खाली 'व्हिजिबल=फॉल्स', मग त्याचे स्वतःचे 'एंड'. तुकड्याचे नाव मॉडेल ट्रीमध्ये दिसते तसेच हवे, लहान-मोठ्या अक्षरांसकट.

मराठीसाठी झीलेटेक (देवनागरी चालणारे लेटेक) वापरा. मीडिया-९ त्यात चालते. 'मीडियाबटन' या आज्ञेत '३डीगोटूव्ह्यू' देऊन बटणावर 'फक्त हीम', 'संपूर्ण रेणू' असे देवनागरी शब्द घाला. ही बटणे चौकटीबाहेर, पानाच्या मजकुरात बसतात, त्यामुळे जोडाक्षरे नीट उमटतात. दृश्यांची आणि तुकड्यांची अंतर्गत नावे रोमन अक्षरांत, मोकळ्या जागांशिवाय ठेवा. पायमॉलमधली लेबले निर्यातीत येतील यावर विसंबू नका. नावे सांगण्याचे काम बटणे आणि चित्राखालच्या ओळीकडे द्या.

प्रश्न : वेगळी बनवलेली थ्रीडी पाने प्रबंधात जोडली की मॉडेल मरते. (पीएचडी विद्यार्थी, सोलापूर)

'प्रिंट टू पीडीएफ'ने जोडली तर छापल्यासारखे सपाट चित्रच उरणार. लेटेकच्या पीडीएफपेजेस पॅकेजनेही दुवे आणि थ्रीडी चौकटी येत नाहीत, फक्त पानाचे चित्र येते. क्यूपीडीएफ या साधनाने जोडा, किंवा यूथ्रीडी फाइल थेट प्रबंधाच्या मूळ लेटेकमध्ये घाला. विद्यापीठ पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतन करण्यासाठीचा पीडीएफ प्रकार) मागत असेल तर आधी आवृत्ती विचारा: पीडीएफ/ए-१ ते ३ मध्ये थ्रीडीला परवानगी नाही, २०२० च्या पीडीएफ/ए-४ई मध्ये आहे. नसेल तर प्रबंधात स्थिर चित्रे ठेवून थ्रीडी पीडीएफ वेगळी पूरक फाइल म्हणून द्यावी.

प्रश्न : विद्यार्थी मोबाइलवरच बघतात. काही मार्ग? (शिक्षक, रत्नागिरी)

थ्रीडी पीडीएफचा हट्ट सोडा. मोबाइलवरचे ॲक्रोबॅट ती चौकट चालवत नाही. वर्गासाठी एचटीएमएल बरे: थ्रीडीमॉल डॉट जेएस, मोलस्टार किंवा जेएसमॉल यांपैकी कुठलेही घ्या. ही साधने त्रिकोण नेत नाहीत, निर्देशांकच नेतात आणि चित्र फोनवर काढतात. वरच्या औरंगाबादच्या प्रश्नातले ४एचएचबी इथे पुन्हा अर्ध्या एमबीत मावते, शिवाय अणूवर टिचकी मारून त्याचे नावही विचारता येते.

एक अडथळा मात्र ठरलेला आहे. एचटीएमएल आणि पीडीबी फाइल एका फोल्डरात ठेवून एचटीएमएलवर दोनदा क्लिक केले की पान उघडते, रेणू येत नाही. ब्राउझर सुरक्षेसाठी अशा पानाला शेजारची फाइल वाचू देत नाही. तुमच्या संगणकावर तपासायचे तर त्या फोल्डरात 'पायथन -एम एचटीटीपी डॉट सर्व्हर' चालवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ८००० उघडा. विद्यार्थ्यांना व्हॉट्सॲपवर एकच फाइल पाठवायची असेल तर पीडीबीचा सगळा मजकूर एचटीएमएलच्या आतच घाला, आणि इंटरनेट नसतानाही चालायला हवे असेल तर लायब्ररीचा कोडही त्याच फाइलमध्ये चिकटवा.

सादरीकरणासाठी पॉवरपॉइंट वापरणार असाल तर कायमेराएक्सची जीएलबी फाइल 'इन्सर्ट'मधल्या '३डी मॉडेल्स'मधून थेट बसते. त्रिकोणांची मर्यादा तिथेही तीच पाळा.